रत्नमालाची पाटी

रत्नमाला साळवे छावणीतल्या आमच्या ट्रस्टच्या दवाखान्यात बावीस वर्षं ऑटोक्लेव्ह सांभाळते. ऑपरेशनची हत्यारं वाफेच्या दाबाखाली निर्जंतुक करायचं पिंपाएवढं यंत्र. सगळे 'एक किलो प्रेशर' म्हणून मोकळे होतात. ती मात्र रोज पाटीवर अख्खं लिहिते : दर चौरस सेंटिमीटरला एक किलोग्रॅम. मीही तिला हसले आहे, आणि मी म्हणे फिजिक्सची निवृत्त प्राध्यापक.

त्या सकाळी मी तिला दामटायलाच गेले. वरच्या मजल्यावर सोनिया नावाच्या पेशंटचं सिझेरियन होतं, डॉक्टरांना अर्ध्या तासात हत्यारं हवी होती, आणि उरलेला एकच संच यंत्रात होता.

दाबाचा काटा नवा होता. आदल्या दिवशीच ऋतुराज मेकॅनिकने बसवलेला; तोही यंत्राशी उभा होता. नेहमी पंधरा मिनिटांत काटा एकावर यायचा. आज मी पोचले तेव्हा अठरा झाली होती, तरी शून्याच्या आसपासच. यंत्र मात्र थरथरत होतं.

"रे, ह्यो एक म्हंजी एक काय?" रत्नमालाने ऋतुराजला विचारलं.

"किलोच की, मावशी!"

"किलो कशाचं? कांद्याचं? पुढचं काय लिवलंय ते वाच."

"कंपनीचं नाव असंल. येऊ द्या एकावर."

तिने खटकन बटण बंद केलं.

"अगं, वेड लागलंय का!" मी ओरडले. "वर बाई टेबलावर आहे!"

"मॅडम, आधी चष्मा लावा. मला पुरं कळल्याबिगर मी चालू करत नाय."

चडफडत चष्मा लावला. तबकडीच्या तळाला बारीक अक्षरं : MPa. मेगापास्कल. इथला एक म्हणजे आपले दहा किलो! काटा ०.२ वर होता, म्हणजे दोन. यंत्राच्या पत्र्यावर कमाल मर्यादा दीडची. सेफ्टी व्हॉल्व्ह दीडलाच उडायला हवा होता, आणि तो गप्प.

"मागं व्हा दोघंबी," रत्नमाला म्हणाली. हातमोजा चढवून, तोंड वळवून तिने वाफेचा नळ इंचाइंचाने सोडला. ऋतुराज भिंतीला चिकटला. मला दाराची कडी सापडेना. काटा ०.१ वर उतरला तशी तिने नळ बंद केला, बटण लावलं, आणि वीस मिनिटं काट्यावरून नजर हलवली नाही.

हत्यारं वेळेत गेली. सोनियाला मुलगी झाली.

दुपारी व्हॉल्व्ह खोलला. आत बोअरच्या पाण्याच्या क्षाराचा बोराएवढा खडा. मी रत्नमालाची माफी मागितली.

"ऱ्हाऊ द्या ते. ह्येला आधी तबकडीवर पट्टी चिकटवाय लावा."

ऋतुराजने पट्टीवर लिहिलं : ०.१ मेगापास्कल. इथंच थांबा.