एमेट मॅकगारीची माडीवरची जागा

लॅडी कुचेराला कुणी "कसा आहेस?" विचारलं तर तो रेल्वेच्या डब्यांची तब्येत सांगायचा. शिकागोहून ऑरोराला जाणाऱ्या गाड्यांवर कंडक्टर म्हणून त्याने उभा जन्म काढला. निवृत्त झाल्यावर तो शिकागोजवळच्या बर्विनमध्ये चर्चखालच्या तळघरात, आमच्या छोट्या रेल्वेच्या क्लबात येऊन बसला. तिथे आम्ही काही म्हातारे टेबलांवर रूळ मांडून वीतभर गाड्या फिरवतो. घरच्या बायका याला पोरखेळ म्हणतात, आणि त्यांचं काही चुकत नाही.

लॅडीसारखा हात मात्र आमच्यात कुणाचा नव्हता. इंजिनं, मालडबे, दुधाचे डबे, सगळं त्याने केलं. फक्त ज्या दुमजली डब्यात आयुष्य घातलं, तो एक डबा कधी केला नाही. मी डिवचायचो, "अरे, गल्लीतल्या सगळ्यांचे फोटो भिंतीवर लावलेस, बायकोचा तेवढा राहिला!" त्यावर तो हातातलं काम पुढे चालू ठेवायचा. मला वाटायचं, रोजचं झालं म्हणून कंटाळला असेल. माणसाला दुसऱ्याबद्दल काहीही वाटू शकतं.

मग डाउनर्स ग्रोव्हच्या लोरेटा मॅकगारीने त्याला फोन केला. तिचा नवरा एमेट वर्षानुवर्षं लॅडीच्या गाडीने घरी यायचा, आणि गाडीतच वारला होता. ती म्हणाली, "लॅडी, मला तो डबा करून दे. वरच्या माडीवर एमेटला बसव. माझ्या खिडकीत ठेवीन." लॅडीच्या तोंडून 'हो' निघून गेलं, आणि पुढचे आठवडे त्याचं जेवणखाण उडालं.

तो डबा आमच्या भागाचाच. बाहेरून रुपेरी पन्हाळी पत्रा. आत दोन्ही बाजूंना वर माडी, माडीवर एकेकट्याच्या खुर्च्या आणि मधे खालपासून छतापर्यंत मोकळी जागा, म्हणजे कंडक्टरला जिना चढायला नको. वरचे लोक आपला पास कठड्याच्या क्लिपेत खोचून ठेवतात आणि कंडक्टर खालून जाता जाता तो बघतो. त्याला दिसतात फक्त पास आणि बूट. रोजचे लोक माडीवर बिनघोर झोपतात, कारण स्टेशन आलं की कंडक्टर तिकिटं टोचायच्या पंचाने बुटावर टकटक करतो. हे कुठल्या नियमात नाही, पण ते केलं नाही तर कंडक्टरला कुणी चांगला म्हणत नाही.

लॅडीने सगळं जसंच्या तसं केलं. कठड्यावर केसाएवढ्या तारेच्या क्लिपा, क्लिपेत कागदाचे कण. एमेटच्या तपकिरी बुटाची टाच डावीकडे झिजलेली होती, तीही त्याने रंगवली. मी म्हटलं, "टाच कोण बघणार आहे बाबा?"

"मी बघितली ना," तो म्हणाला. "तेवढीच बघितली." आणि ब्रश खाली ठेवून त्याने सांगून टाकलं.

एमेट गेला त्या संध्याकाळी एका कंपनीचा नवा कॅटलॉग आला होता आणि त्यात याच डब्याचं पहिलं छोटं मॉडेल होतं. लॅडी पुढच्या डब्याच्या दारात उभा राहून एका शौकीन प्रवाशाला ते चित्र दाखवत बसला. दारं, खिडक्या, पायऱ्या, काय बरोबर आणि काय चुकलंय, दोघंही रंगात आले. एमेटचं स्टेशन, डाउनर्स ग्रोव्ह, आलं आणि गेलं. नंतर तो मागे आला तेव्हा क्लिपेत पास होता आणि कठड्याआड बूट होते. त्याला वाटलं, झोपलाय, परतीच्या गाडीने पाठवू. त्याने मान वर केली नाही. ऑरोराला झाडूवाल्याने हाक मारली तेव्हा सगळं संपलेलं होतं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर उतरवला असता तर कदाचित वाचला असता.

"चौकशीत मी सांगितलं, पुढचं लाइल स्टेशन गेल्यावर मी वर बघितलं, चांगला घोरत होता. घाबरलो होतो रे. नोकरी गेली असती," लॅडी म्हणाला. "चित्रातल्या डब्यासाठी खरा डबा सोडला मी. आता ती आली की सगळं सांगणार. मग तिने हा डबा माझ्या डोक्यात घातला तरी चालेल."

"सांग," मी म्हटलं. सल्ला द्यायला माझं काय जातंय?

शनिवारी दुपारी लोरेटा तळघरात आली. बरोबर जर्दाळूच्या कोलाचींचा, म्हणजे चेक गोड पावांचा, पुडा होता. ती आयरिश, पण आम्हा चेक लोकांना काय आवडतं हे तिला पक्कं ठाऊक. टेबलावरचा रुपेरी डबा बघून ती खुर्चीत बसली आणि कितीतरी वेळ खिडक्यांमधून आत बघत राहिली. एमेटची खुर्ची अजून रिकामी होती. बोटाच्या पेराहून लहान बाहुला बाजूला पडला होता.

"लोरेटा," लॅडी म्हणाला, "मला तुला काही सांगायचंय."

"आधी मी सांगते. नाहीतर माझा धीर सुटेल." तिने त्याचा हात धरला. "त्या दिवशी मी स्टेशनवर मोटार घेऊन उभी होते. हा उतरला नाही. मला वाटलं, मेला पुन्हा मित्रांबरोबर प्यायला बसला. तशीच घरी गेले, एकटी जेवले आणि फोनचा रिसीव्हर काढून ठेवला. म्हटलं, ये आता चालत! लॅडी, तो माझ्यासमोरून गेला रे. त्याच्या जिवाचं तेव्हाच काही होत असेल आणि मी खाली बसून शिव्या देत असेन, तर मी कुठे तोंड लपवू? पण तू सांगितलंस, लाइलनंतरही तो घोरत होता. त्या एका वाक्यावर मी झोपते. तू बघितलंस ना नीट?"

लॅडीने माझ्याकडे पाहिलं. मी कोलाची उचलली, तेवढंच मला सुचलं.

"बघितलं," तो म्हणाला.

"मग तसाच बसव. मान कुठे होती?"

"खिडकीला टेकलेली."

"तोंड उघडं होतं? घरी झोपला की उघडंच असायचं."

"उघडं होतं."

लॅडीने सगळ्यात बारीक ब्रश घेतला आणि बाहुल्याला उघडं तोंड केलं. मग चिमट्याने त्याला खुर्चीत बसवून मान काचेला टेकवली. लोरेटा रडत रडत हसली. म्हणाली, "अगदी तोच!" तिने लॅडीच्या गालाची पापी घेतली आणि डबा खोक्यात घालून, छातीशी धरून जिना चढून गेली.

"बरं केलंस," मी म्हटलं.

"बरं काय केलं? तेव्हा घाबरून खोटं बोललो होतो, कधीतरी खरं बोलता आलं असतं," लॅडी म्हणाला. "आता ते खोटं रोज तिच्या खिडकीत असणार. आणि ती मला दर नाताळला जेवायला बोलावणार."

आणि तिने बोलावलंच. तो जातोही.