मैनाबाईच्या अंगावर आलेली मातामाय

अमरावतीहून येताना तिवस्याच्या अलीकडे, सडकेपासून कोसभर आत, जानरावांचं वावर होतं आणि वावराच्या टोकाला बैलांचा जुना कोठा. बैल गावातल्या नव्या कोठ्यात गेले आणि जुन्यात मैनाबाई आली. मैनाबाई म्हणजे जानरावांची लग्नाची बायको. आधी हातावर फिकट चट्टा उठला, मग कानाच्या पाळ्या जाड झाल्या, आणि गावानं न बोलताच ठरवून टाकलं की ही रगतपिती आहे, म्हणजे महारोग. कोणी तिला हाकललं नाही, शिवी दिली नाही. माणसं वाईट असती तर भांडता तरी आलं असतं. ही सगळी भली माणसं होती, आणि त्या भल्या माणसांनी तिला पाच-सहा वर्षं कोठ्यात ठेवलं होतं. एकोणीसशे साठ-एकसष्टची ही गोष्ट.

जानराव अधूनमधून ज्वारीचं पीठ, डाळ, तिखट-मीठ आणून बांधावर ठेवायचे आणि हाक मारायचे, "अवं, ठेवलं व." ती बाहेर आली की दोघं लांबूनच दोन शब्द बोलत. कपाशीची पऱ्हाटी कशी आहे, गाय व्याली का. बोलणं संपलं तरी जानराव जरा वेळ तसेच उभे राहत, मग टोपी नीट करून निघून जात. बाईमाणसाचा आवाज ऐकावा म्हणून मैनाबाई कधीकधी निंदणाच्या दिवसांत शेजारच्या वावराच्या धुऱ्यावर, बांधापाशी जाऊन बसायची. निंदणाऱ्या बाया हळूहळू वावराच्या दुसऱ्या कडेला सरकायच्या.

तिचं एकच धन होतं, हात. चट्टा असला तरी दहाही बोटं सरळ होती. ती भाकर थापायची, वांगी लावायची, फाटलेलं लुगडं दांडून शिवायची. पूर्वी एकदा अमरावतीला गेली असताना राजापेठेत तिनं एक बोटं झडलेली बाई पाहिली होती. दोन्ही मनगटांत टमरेल धरून ती भीक मागत होती. ते मैनाबाईच्या डोळ्यांपुढून गेलं नाही. रोग राहो की जावो, बोटं राहू दे, एवढंच तिचं देवाकडे मागणं होतं.

सरकारनं महारोगाच्या गोळ्या गावोगाव द्यायला माणसं नेमली होती. त्यांतला देवमन महिन्यातून एकदा सायकलवरून यायचा. गावच्या दुसऱ्या टोकाच्या बौद्ध वस्तीतला, दहावी शिकलेला, बोलायला मोकळा. पण नोकरी नवी, मनात धाकधूक, म्हणून गोळ्या वरूनच तिच्या ओंजळीत टाकायचा. एक गोष्ट मात्र तो दर खेपेला बजावायचा.

"मावशी, इतके दिवस तुमचं आंग निजलं होतं. रोगानं घर केलं तरी त्याले पत्ता नव्हता. आता गोयीनं रोग मरून राहिला, त आंग जागं होते अन् भांडाले उठते. कधीकधी असं भांडते का आपल्याच घराले आग लावते. ताप येते, लाल गाठी येतात, हात ठणकते. तसं झालं त मले लगेच सांगा. अमरावतीच्या दवाखान्यात न्या लागते. त्या आगीत नस सापडली का बोटं गेलीच समजा."

"सांगीन ना भाऊ," मैनाबाई म्हणायची. तिनं ते पाठच केलं होतं.

आणि चैत्रात तसंच झालं. आधी थंडी वाजून ताप आला, मग तोंडावर, दंडांवर, मांड्यांवर लाल, दुखऱ्या गाठी उठल्या. उजव्या कोपरातून करंगळीपर्यंत कोणी तापलेली तार ओढावी तशी कळ येऊ लागली. मैनाबाईला काय झालंय ते कळलं. जानराव आले तेव्हा ती उंबऱ्याशी पडली होती. देवमनला बोलवा, म्हणायला तिनं तोंड उघडलं, पण जानराव तिचा चेहरा पाहून केव्हाच गावाकडे पळाले होते.

ते पार्वताबाईला घेऊन आले. पार्वताबाई म्हणजे मैनाबाईची धाकटी जाऊ. चट्टा उठल्यापासून तिनं या कोठ्याकडे पाठच फिरवली होती. आता मात्र ती सरळ आत आली, वाकून गाठी पाहिल्या आणि हात जोडले.

"मातामाय आली," ती म्हणाली. "भावजी, निंबाचे डगळे आणा. अन् घरी फोडणी देऊ नका म्हणावं."

अंगावर देवीचे फोड उठले की मातामाय आली म्हणायचं, आणि देवीपुढं रगतपितीचं काय चालणार? मातामाय कोणाच्या अंगात उतरते ती तिची मर्जी, आणि जिच्यात उतरली ती बाई नुसती बाई राहत नाही. तिला नाराज केलं तर गावावर कोप. दुसऱ्या सकाळी न्हाऊन, ओलेत्यानं, तांब्या घेऊन बाया वावरातून रांगेनं आल्या. कोठ्याच्या उंबऱ्यावर पाणी ओतलं. "शांत होय माय, शांत होय," म्हणत एकेकीनं मैनाबाईच्या पायांवर डोकं ठेवलं. निंदताना सरकून जाणाऱ्या त्याच ह्या बाया होत्या.

मैनाबाईला हसू आलं आणि रडूही आलं. ही देवी नव्हे, हे तिच्या ओठांवर आलं होतं. पण तेवढ्यात पार्वताबाईनं तिच्या पाठीखाली हात घालून तिला कुशीवर वळवलं आणि ती गप्प झाली. माणसाचा हात इतका ऊन असतो हे ती विसरून गेली होती.

पार्वताबाई मुक्कामालाच राहिली. निंबाच्या डगळ्यानं वारा घालायची, दहीभाताचे घास भरवायची आणि गावातलं सगळं सांगत बसायची. कोणाची सून रुसली, कोणाची म्हैस आटली, मोर्णा नदीच्या पलीकडे अकोल्याच्या जुन्या शहरात दिलेली भाची कशी नांदते. तापातही मैनाबाई खुदकन हसायची. गोळ्या बंद होत्या, देवीच्या अंगावर औषध चालत नाही. रात्रंदिवस हात ठणकायचा. ती तो पदराखाली दाबून धरायची आणि म्हणायची, "मंग काय झालं, सांग ना व."

अशात देवमन आला. बायांनी त्याला बांधावरच अडवलं. "मातामाय आहे, पुढं येऊ नको." गावच्या चार बाया आडव्या आल्यावर त्यांना ओलांडून जायची त्या पोराची काय बिशाद? तो सायकल धरून तिथूनच ओरडला, "मावशी, हात ठणकते काय?"

सगळ्या बाया मैनाबाईकडे पाहू लागल्या. पार्वताबाईचा हात तिच्या कपाळावर होता. हो म्हटलं तर देवमन तिला दवाखान्यात नेईल, हात वाचेल. पण हो म्हटलं की ही देवी नाही, रगतपितीच आहे, हेही उघड होईल. कपाळावरचा हात निखाऱ्यावरून उचलावा तसा उचलला जाईल.

"नाही," मैनाबाई म्हणाली.

देवमनला खरं वाटलं नाही. त्यानं पुन्हा विचारलं, आणि तिनं पुन्हा नाही म्हटलं.

पुढं गाठी ओसरल्या, ताप उतरला. बायांनी तिची ओटी भरली, वाजतगाजत देवीची बोळवण केली. पार्वताबाईनं आपलं अंथरूण गुंडाळलं. "येत जाईन मी," असं ती म्हणाली, आणि म्हणताना तिला ते खरंच वाटत असावं. मैनाबाई रोज उठून उंबऱ्यापुढची जागा झाडत राहिली. कोणी आलं नाही. देवी गेली होती, मागं उरली ती रगतपिती, आणि तिच्याशी गावाचं वागणं ठरलेलंच होतं. जानराव बांधावर पीठ ठेवून हाक मारून जाऊ लागले.

पुढच्या खेपेला देवमन आला तेव्हा मैनाबाई भाकर थापत होती. भाकर काठाला फाटत होती. उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट तळव्याकडे वळून बसली होती. देवमननं सायकल तशीच टाकली.

"मावशी, त्या रोजी ठणकत होतं ना? काहून नाही म्हटलं तुमी?"

मैनाबाईनं पीठ झटकलं. "माह्या कपाळावर पार्वताचा हात होता भाऊ. काढ म्हणू कसं?"

देवमन तिच्यापुढं मातीतच बसला. नोकरी लागल्यापासून प्रथमच त्यानं तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि ती दोन बोटं तेल लावून हळूहळू सरळ करू लागला. मैनाबाई पाहत होती. त्याचा अंगठा तिच्या करंगळीवरून पुन्हा पुन्हा फिरत होता. तो फिरतोय हे तिला डोळ्यांना दिसत होतं, बोटाला काहीच कळत नव्हतं.