सावकाशकाका आणि चौकातल्या आया

माझ्या काकांचं केस कापायचं दुकान होतं आणि सगळा बाजार त्यांना सावकाश म्हणायचा. एका गिऱ्हाइकाचं डोकं ते इतक्या निगुतीनं करायचे की तोवर बाकावरच्यांचं पेपर वाचून व्हायचं, भांडून व्हायचं आणि समेटही व्हायचा. आम्ही दुकानाच्या वरच्याच मजल्यावर राहायचो. कॉलेजातून आले की मी खाली जाऊन बसायचे, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

आमच्या फौजेची लढाई फार लांब, समुद्रापलीकडच्या एका देशात चालली होती. तो देश नकाशात दाखव म्हटलं असतं तर बाजारातल्या निम्म्यांचं बोट भलतीकडेच गेलं असतं. पण दुकानातल्या टीव्हीवर नकाशा असायचा, त्यावर लाल बाण पुढे पुढे सरकायचे आणि बाकावरच्यांना चेव चढायचा. सगळ्यांत मोठा आवाज रिटायर्ड मास्तरांचा. आदल्या संध्याकाळी बातम्यांत जे वाक्य यायचं, तेच सकाळी मास्तरांच्या तोंडून यायचं आणि दुपारपर्यंत सगळ्यांचं होऊन जायचं. "आता फक्त शेवटचा धक्का बाकी आहे," हे वाक्य तर वर्षभर चाललं. काका हसून काकूला म्हणायचे, एकाच फणीनं सगळ्यांचा भांग पाडलाय बघ. यापलीकडे ते कधी काही बोलले नाहीत. फौजेत जाणारी पोरं त्यांच्याकडेच केस बारीक करून घ्यायची, तेव्हा मात्र त्यांचा हात नेहमीपेक्षाही हळू चालायचा.

मग पोस्टातल्या ताईंचा मुलगा लढाईत गेला, त्याचं प्रेतच परत आलं. ताई पोस्टाच्या खिडकीत बसायच्या, अख्खं गाव त्यांना ओळखायचं. बातम्यांत त्या दिवशी "किरकोळ हानी" एवढंच सांगितलं. ताईंनी ते ऐकलं, टीव्ही बंद केला आणि दुसऱ्या दिवसापासून पोस्ट सुटलं की मुलाचा फोटो छातीशी धरून नगरपालिकेसमोरच्या चौकात उभ्या राहू लागल्या. ज्यांची मुलं गेली होती अशा आणखी काही बायका त्यांना येऊन मिळाल्या. घोषणा नाहीत, काही नाही. लोक रस्ता बदलून जायचे. टीव्हीनं त्यांना एकदाच दाखवलं. निवेदिका म्हणाली, या बायकांची कुणीतरी दिशाभूल केली आहे. सकाळी मास्तर म्हणाले, बिचाऱ्यांची दिशाभूल केलीय कुणीतरी.

काका त्या दिवशी हसले नाहीत.

त्यानंतर एका दुपारी ताई दुकानात आल्या. बाकावरच्यांनी पेपरात डोकी घातली. ताईंनी सांगितलं की आम्ही रोज उभ्या राहिलो तरी कुणी बघत नाही, म्हणून चौकात सगळ्यांसमोर केस उतरवायचं ठरवलंय. बायकांच्या पार्लरवाल्या घाबरून नाही म्हणाल्या होत्या.

"दादा, तुम्ही याल का?" ताईंनी विचारलं. "आमचं आम्ही कापलं तर वेडंवाकडं होईल. मग लोक त्यालाच हसतील."

काका म्हणाले, काकूला विचारून सांगतो. दुकानात कुणीतरी फिसकन हसलं. काकूनं मात्र सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं की पाणी गरम कुठे करणार? मग स्वतःच म्हणाली की स्टोव्ह घेऊन मी येते.

चौकात काकांनी दुकानातली खुर्ची मांडली. मला वाटलं होतं, मशीन फिरवतील आणि उरकतील. पण काकांना उरकणं जमतच नव्हतं. प्रत्येकीचे केस ते आधी नीट विंचरायचे, गुंता हातानं सोडवायचे. मानेवर ओलं फडकं ठेवताना विचारायचे, कोमट आहे ना? काकू प्रत्येकीच्या खांद्यावरचे केस झटकायची. कॅमेरा घेऊन चॅनेलवाले आले. वार्ताहरानं माईक काकांच्या तोंडाशी नेला आणि तुम्हाला इथे कुणी पाठवलं, असं दरडावून विचारलं. काकांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मान जरा खाली घ्या, ताई," ते म्हणाले. "दुखलं तर सांगा."

संध्याकाळी तेच चित्र टीव्हीवर लागलं. खाली पट्टी होती, "भाडोत्री आंदोलनाचा तमाशा". पण पट्टी लिहिणाऱ्यानं आवाज काही बंद केला नव्हता. घराघरांत लोकांनी ती पट्टी वाचली आणि त्याच वेळी काकांचं "दुखलं तर सांगा" ऐकलं. दोन्हींचा मेळ बसेना. हे मला पुढे किती जणांनी सांगितलं.

लगेच काही बदललं नाही. दुकानाच्या काचेवर कुणीतरी डांबर फासलं. मास्तर पलीकडच्या सलूनमध्ये जाऊ लागले, त्यांच्यामागून बाकही रिकामा झाला. काका रोज खुर्च्या पुसून बसायचे. काकू वरून चहा आणायची आणि दोघं आरशासमोर शेजारी शेजारी बसून प्यायची. काकू चिडवायची, आता तुम्हाला मला बघायला वेळ मिळाला. एकदा काका म्हणाले, "चुकलं का गं माझं?" काकूनं त्यांच्या कपाळावरची बट मागे सारली. "चुकलं असतं तर स्टोव्ह नेला असता का मी?"

पुढे चौकातल्या बायका वाढत गेल्या. आधी बहिणी आल्या, मग बाप आले. टीव्हीला त्यांना टाळणं अवघड झालं आणि "दिशाभूल" हा शब्द कधीतरी गळून पडला. बाजारात लोक हळू आवाजात विचारू लागले की आपण तिथे नक्की कशासाठी लढतोय? एका सकाळी मास्तर आले, गुपचूप खुर्चीत बसले. त्यांच्या नातवाला फौजेचं बोलावणं आलं होतं. त्यांनी फक्त टीव्ही बंद करायला सांगितलं. काकांनी तो बंद केला आणि मास्तरांच्या मानेवर कोमट फडकं ठेवलं.

लढाई संपायला आणखी वर्ष गेलं. ती चौकामुळे संपली की पैशामुळे की निवडणुकीमुळे, यावर बाकावर अजून वाद होतो. मास्तरांचा नातू परत आला. ताईंचा मुलगा येणार नव्हता.

ताईंचे केस वाढले. त्या आता आमच्याच दुकानात येतात, दुपारी, गर्दी नसताना. एकदा कापून घेता घेता त्यांनी विचारलं, "दादा, माझ्या पोराचं काही आठवतं का तुम्हाला?"

काकांनी कात्री खाली ठेवली. त्याच्या डोक्यावर दोन भोवरे होते, ते म्हणाले. केस कसेही बसवा, मागची शेंडी उभीच राहायची. फौजेत जायच्या आधी त्याला विचारलं होतं की हिचं काय करू? तर म्हणाला, राहू द्या, आईला गर्दीत ओळखायला बरं पडेल.

ताई हे पहिल्यांदाच ऐकत होत्या. त्या आरशात बघून हसल्या, डोळे पुसले आणि म्हणाल्या, पुन्हा सांगा. काका खुर्चीजवळ स्टूल ओढून बसले आणि सावकाश, पहिल्यापासून सांगू लागले.