सुनेची नोकरी आणि माझी मेथी

सुनेनं इंदिरानगरच्या एका शाळेत शिक्षिकेच्या जागेसाठी अर्ज केला. शाळेनं दोन माणसांची नावं मागितली, तिच्याबद्दल फोनवर विचारायला. मला वाटलं, हे आपलं काम. जन्मभर मार्केटात भाजी विकली, माणसं काय कमी जोडली? म्हटलं, "माजी नगरसेवकाचं नाव दे. तुमच्या लग्नात पोटभर जेवून गेलाय, नाय म्हणंल का?"

"आबा, त्यांनी मला शिकवताना कुठं पाहिलंय?"

"तुला नसंल, मला तर पाहिलंय!"

ती हसली. एक नाव तिनं कॉलेजातल्या सरांचं दिलं. ते ठीक. दुसरं दिलं जुन्या शाळेच्या मोठ्या बाईंचं, आणि माझं डोकंच फिरलं. ह्याच बाईंशी भांडून हिनं ती शाळा सोडलेली. सोयरीक जुळवताना चौकशीला आपण चांगलं बोलणाऱ्याचं घर दाखवतो. भांडलेल्या भाऊबंदाचा पत्ता कुणी देतं का?

"त्यांनी माझं काम जवळून बघितलंय. खरं तेच सांगतील," सून म्हणाली.

"तीच तर भीती हाय!"

तिनं नाव बदललं नाही. मीही ऐकणाऱ्यातला नाही. सकाळी दारच्या वाफ्यातल्या मेथीच्या ताज्या जुड्या पिशवीत भरल्या आणि बाईंचं घर गाठलं. काम घेऊन कुणाच्या दारी जाताना रिकामा हात बरा दिसत नाही.

बाईंनी चहा दिला, पण पिशवी काही घेईनात. म्हणाल्या, "आजोबा, ही घेतली तर मला तिच्याबद्दल चांगलं बोलताच येणार नाही."

"का बरं?"

"मग ते मेथी खाऊन बोलल्यासारखं होईल."

मला काही उमगेना. दिलेली वस्तू परत आणायची आमच्यात रीत नाही. खाली वॉचमनला देऊन टाकली.

घरी सांगितलं तर सून म्हणाली, "आबा, गेली माझी नोकरी." मग माझ्याशी बोलणंच बंद. ताट वाढायची, पण तोंडाकडं बघायची नाही. चुकलं काय, ते मला तेव्हाही कळलं नाही.

आणि नोकरी लागली! नव्या शाळेच्या सरांनी तिला सगळं सांगितलं. बाई म्हणाल्या होत्या, हिचा आवाज मागच्या बाकापर्यंत पोचत नाही, राग लवकर येतो, पण न समजलेल्या पोराला ही सोडून देत नाही. वर मेथीचंही सांगितलं होतं म्हणे. आता माणसाची खोट सांगून नोकरी कशी लागते, हे मला कुणीतरी समजावून द्यावं.

आज सून बाईंना पेढे द्यायला निघाली. मी विचारलं, "पेढे चालतात?"

"आता चालतात, आबा. काम झालंय ना."

"मग मेथी?"

"द्या दोन जुड्या."

त्या दिवशी चालत नव्हती, आज चालते. मेथी त्याच वाफ्यातली. मी चार जुड्या बांधून तिच्या स्कूटीला अडकवल्या.