कारचं उरलेलं ऑइल

धायरीतल्या त्या मेकॅनिकचं नाव मी कधीच विचारलं नाही. कारचं महागडं ऑइल उरलं होतं, ते मोटारसायकलला चालेल म्हणून घेऊन गेलो. त्याने चष्मा कपाळावर सरकवून लेबल वाचलं आणि डबा माझ्या हातात परत दिला.

"यानं क्लच सटकतो. मी नाय टाकणार."

"अहो, गिऱ्हाईक मी आहे!"

"गिऱ्हाईक गाडी हाय. तुम्ही नुसते तिच्यासंगं आलाय."

मग गाडीतलं काळं ऑइल बोटांत चोळत म्हणाला, "हे कधीच बदलायला पायजे होतं."

"कंपनीच्या पुस्तकाप्रमाणे अजून हजार किलोमीटर आहेत."

"पुस्तक लिहिणारा रोज सिंहगड रोडला अडकतो का?"

मी तणतणत निघालो, चौकातल्या ट्रॅफिकमध्ये अडकलो आणि तिथूनच परत आलो.

अजून तिथेच जातो. तो माझ्याकडे बघतही नाही. टाकीवर थाप मारून गाडीलाच विचारतो, "काय गं, आता ऐकत्यात का हे?"