नाथाच्या राईतली पहिली डहाळी

"झाडाला हात लावायच्या आधी खाली बघा."

गहिनीनाथ हे भेटेल त्याला सांगायचा. शेरडं राखणारीला सांगायचा, चावडीवरच्या म्हाताऱ्यांना सांगायचा, चुलीपुढं बसलेल्या आईलाही सांगायचा. लंकाबाई भाकरी थापत म्हणायची, "बघते बाबा. आधी तव्याकडं तर बघू दे."

खर्ड्याच्या पलीकडं, माळाच्या उतारावर त्यांचं गाव. ऊसतोडीला जाणाऱ्या घरातला हा पोरगा शेतकी शाळेत शिकला आणि तिथल्या मास्तरांनी खटपट करून त्याला मलायाच्या जंगलात धाडलं. जंगल राखायचं कसं, ते वर्षभर जंगलातच राहून शिकायचं होतं. मद्रासहून तो बोटीनं गेला. तिथं रोज दुपारी पाऊस. बूट कधी वाळायचे नाहीत, मोज्यातून जळवा ओढून काढाव्या लागत. झाडांना पट्ट्या बांधायच्या, बुंध्याचा घेर मोजायचा, कुठलं रोप जगलं, कुठलं मेलं ते बघत हिंडायचं. तिथंच त्यानं एका डोंगराचं जंगल साफ कापलेलं पाहिलं. खालचा ओढा आधी तांबडा झाला, मग आटला. परत आला तो हा ओढा उरात घेऊनच.

शेजारची रंगुबाई लंकाबाईला चिडवायची, "का गं, तुझा ल्योक समिंदरापल्याड जाऊन झाडं मोजाय शिकला म्हनं! आमच्या बांधावरची बाभळ तेवढी मोजून दे म्हनावं."

गावात राखण्यासारखं एकच होतं, नाथाची राई. वड, पिंपरण, करंज, सगळी जुनी झाडं. राईच्या पायथ्याला पाण्याचा झिरा, आणि गाव उन्हाळा काढायचं ते त्या झिऱ्यावर. राईत पडलेली काटकीसुद्धा कुणी चुलीत घालत नसे. राईतला देव नाथ, तो कोपतो, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

गहिनीनाथाला हे भय अडाणीपणाचं वाटलं. एका सकाळी त्यानं गाव राईत गोळा केलं आणि सगळ्यांदेखत वडाची डहाळी मोडली. बायकांनी पदर तोंडाला लावले.

"बघा. मला काय झालं? नाथ कोपत न्हाई. ही मुळं पानी धरत्यात, म्हनून राई राखायची. भ्यायचं न्हाई, समजून घ्यायचं."

पाचोळा सारून त्यानं खालची ओली माती मुठीत धरून दाखवली. माती कुणी बघितली नाही. सगळे त्याच्या हाताकडं बघत होते, तो झडतोय का म्हणून. हात झडला नाही. गावानं तेवढंच ध्यानात ठेवलं.

पुढं बहात्तरचा दुष्काळ आला. खडी फोडायची कामं निघाली, माणसांना खायला सुकडी मिळाली. बैलांना कोण देणार? छपरावरचं पाचट उपसून बैलांना घातलं, तेही सरलं. लंकाबाईच्या ढवळ्या-पवळ्याच्या जोडीतला ढवळ्या बसला तो उठेना. पोटाखाली वासा घालून उचलला, तर पुन्हा बसला. साऱ्या माळावर हिरवी म्हणून एक राईच उरली होती.

गहिनीनाथाचा चुलता सहादेव गाव घेऊन दारात आला.

"ऊठ. राईत चढून बैलांना पाला पाडायचाय."

"तात्या, राई गेली तर झिरा जाईल."

"जनावरं आज चालली. झिऱ्याचं उद्या बघू."

"मग तुमी चढा."

"आमी?" सहादेव मागं वळून हसला, तसे बाकीचेही हसले. "आमाला लेकरंबाळं हायती. नाथ तुला काय करत न्हाई, तूच दावलंस की. समिंदर वलांडलेला मानूस तू, तुझं काय जातंय?"

गहिनीनाथानं आईकडं पाहिलं. ढवळ्याचं तोंड मांडीवर घेऊन ती बसली होती. ती नको म्हणाली असती तर त्यानं साऱ्या गावाला तोंड दिलं असतं. तिलाही ते कळत होतं. नाथ कोपला तर पोराचं काय, हेही तिच्या मनात येऊन गेलं. तरी ती उठली, वळचणीचा कोयता ओढला आणि त्याच्यापुढं टाकला.

"चढ," ती म्हणाली.

तो वडावर चढला तेव्हा खालून रंगुबाई ओरडली, "गहिन्या, खाली बघ रं आधी!" माणसं पोट धरून हसली. त्यानं खाली बघितलं. सारं गाव पाला बांधायला दोर पसरून उभं होतं.

वड सरला तशी पिंपरण धरली, मग करंज. रोज सकाळी त्याला घरातून उठवून नेत आणि पाला नेताना त्याच्या हाताला हात लागणार नाही असं बघत. पाला संपला तेव्हा खोडं जळणाला नेली. राईत खुंटं उरली. ढवळ्यानं पाला खाल्ला आणि तरी मेला. मग झिरा आटला.

चावडीवर सहादेव म्हणाला, "नाथ कोपला. राईला कोयता लावनारा गावात ठिवायचा का?"

"नाथ न्हाई, तात्या. मातीवर ऊन पडलं."

"ऐका! अजून त्वांड चालतंय." सहादेवानं पायातली वहाण हातात घेतली. रंगुबाईनं आपली घागर गहिनीनाथाच्या वाटेतून उचलून घेतली.

घरी येऊन त्यानं पिशवी भरली. कोयता उंबऱ्याशी ठेवला.

"आई, येतीस?"

लंकाबाई गोठ्याकडं बघत म्हणाली, "पवळ्या हाय अजून."

तो निघाला. चावडीवरून कुणी उठलं नाही. रंगुबाई दाराच्या फटीतून बघत राहिली. वडाच्या खुंटाशी तो वाकला, मूठभर माती उचलली. फुफाटा होता, बोटांतून उडून गेला. मग त्यानं खर्ड्याची वाट धरली.

लंकाबाई दारात उभी होती. पूर्वी गावातून कुणी निघालं की जरा वेळानं राईआड व्हायचं आणि पोचवणारं माणूस घरात परतायचं. आता आड काही नव्हतं. तो दिसतच राहिला, लांबवर, मान खाली घालून चाललेला. तिला आत जाता येईना.