नागप्पाच्या कानाची बॅटरी

नागप्पा दलालानं कानाचं मशीन काढून माझ्या टेबलावर ठेवलं. "डॉक्टरसाब, हे घ्या वापस. मशीन लई चांगलं हाय. पण बाजारात मला कुणी बोलवून नाही राहिलं."

का, हे विचारण्यासाठी मशीन पुन्हा त्याच्या कानात घालावं लागलं.

निजामाच्या राज्याची ती शेवटची वर्षं. मी लातूरच्या सरकारी दवाखान्यात होतो. बहिरेपणावर तोवर आमचा उपाय म्हणजे कानात कोमट तेल, आणि गुण आला नाही की आणखी तेल. अशात हैदराबादेहून नमुन्यादाखल हे मशीन आलं. छातीवर डबी, खिशात बॅटरी, कानात गुंडी. मी ट्यूनिंग फोर्क, म्हणजे वाजणारा पोलादी चिमटा, नागप्पाच्या कानामागच्या हाडावर टेकवला. ऐकू आलं. कानासमोर धरला, तर नाही. म्हणजे आतली नस शाबूत, बिघाड वाटेत. अशाला मशीन लागू पडतं. पडलंही. नातीची हाक पहिल्यांदा ऐकून तो ढसाढसा रडला. मलाही भरून आलं. मी लगेच वर रिपोर्ट धाडला आणि त्यात स्वतःची तारीफ सढळ हातानं केली.

पण आडत बाजारात भाव ठरायचा रुमालाखाली बोटं दाबून, बघ्यांना कळू नये म्हणून. दोन्हीकडची बोटं धरायला नागप्पा. तो ठार बहिरा, म्हणून व्यापारी त्याच्यादेखत भागीदाराशी खुशाल बोलायचे, भाव कुठवर ताणायचा ते. आता छातीवरची डबी दिसली की सगळे गप्प. त्याला बरं करून मी त्याची रोजीरोटी बुडवली होती.

"मग घरी ठेवून जा," मी म्हणालो.

"ठेवलं जी. तर व्यापारी माझा सदरा चाचपून राहिले."

वरिष्ठ साहेबांना कळवलं. रिपोर्ट वर गेलाय, मरीज बरा झालाय, मशीन परत घेता येणार नाही, असं उत्तर आलं. नागप्पा मात्र नातीचा आवाज सोडायला तयार झाला होता. ते मला बघवेना.

शेवटी तोड काढली. बॅटरीविना डबी मुकी. नागप्पानं बाजारात जाताना बॅटरी माझ्या ड्रॉवरमध्ये कुलपात ठेवायची, घरी जाताना न्यायची. बाजारातला थोरला आडत्या स्वतः येऊन ड्रॉवर बघून गेला. सरकारी कुलपावर त्याचा विश्वास बसला. नागप्पाचा रुमाल पुन्हा चालू झाला.

पुढं साहेब तपासणीला आले. त्यांनी कुलूप काढायला लावून ड्रॉवर ओढला. "ये क्या है?"

"जनाब, नागप्पाचे कान. बाजार उठला की घेऊन जाईल."

साहेबांनी ड्रॉवर हळूच लावून टाकला. तेव्हापासून कुणालाही बरं करण्याआधी मी एक प्रश्न विचारतो, धंदा काय करता?